कुठल्या बंदरात, कोणत्या तारखेला?

प्रति,
मा. नौवहन मंत्री आणि मा. गृहमंत्री, भारत सरकार
मा. नौवहन महासंचालक, मुंबई
मा. मुख्यमंत्री, महाराष्ट्र राज्य
मा. मुख्यमंत्री, गोवा राज्य

वेंगुर्ला, १६ मे २०२०

महोदय,

मी मुंबई बंदरातून निवृत्त झालेला सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम, आहे. नोकरीची बहुतेक वर्षं पायलट लाँचवर गेली. पायलट म्हणजे जहाजाला बंदरात आत-बाहेर नेणारा वाटाड्या, लाँच म्हणजे त्याला ने-आण करणारी छोटी बोट. येणाऱ्या जहाजावर पायलट चढवायचा, जाणाऱ्या जहाजावरचा उतरवून घ्यायचा, उन्हात, धुक्यात आणि जुलैच्या लाटांत. त्यामुळे एखादं जहाज बंदराबाहेर नांगर टाकून उभं राहिलं, तर मला नवल वाटत नाही. बर्थ, म्हणजे धक्क्यावरची जागा, रिकामा नसतो, भरती मिळायची असते, कागद अपुरे असतात. पण उभ्या जहाजाला आपण का उभे आहोत आणि कधीपर्यंत, हे ठाऊक असायचं. कप्तान व्हीएचएफ रेडिओवर विचारायचा, बंदरातून उत्तर जायचं. उत्तर कधी कडू असे, पण असे.

माझा धाकटा मुलगा आज ज्या क्रूझ जहाजावर आहे त्या जहाजाला उत्तर मिळत नाही. ते मागण्यासाठी हे पत्र. उघड लिहितोय, कारण ईमेलला पोच येते आणि पुढे काही येत नाही. शिवाय ज्यांची माणसं अशीच समुद्रात अडकली आहेत, त्या घरांनीही हे वाचावं असं वाटतं. जहाजाचं आणि कंपनीचं नाव लिहीत नाही. मुलाला उद्या पुन्हा त्याच दारात नोकरी मागायची आहे.

तो गॅलीत कुक आहे. करार मार्चमध्ये संपला. त्याच महिन्यात कोरोनामुळे त्यांच्या फेरीतली बंदरं एकेक करून गळायला लागली. आधी एक बंदर रद्द झालं तेव्हा प्रवाशांना पैसे परत मिळाले आणि रात्री जादा करमणुकीचा कार्यक्रम झाला. मग दुसऱ्या बंदराने येऊ दिलं, पण कुणाला उतरू दिलं नाही. तिसऱ्याने पाणी आणि भाजीपाला दिला, धक्का दिला नाही. शेवटी आग्नेय आशियातल्या एका बंदरात प्रवासी उतरले, विमानांनी आपापल्या देशी गेले. नोकर माणसं जहाजावरच राहिली. पुढे कंपनीने आपल्या इतर जहाजांवरची भारतीय मुलं या एका जहाजावर गोळा केली आणि जहाज आपल्या किनाऱ्याकडे निघालं. आम्हाला वाटलं, झालं, आता मुलगा घरी येणार.

तेव्हापासून घोषणा ऐकतोय. आधी मुंबई, मग मार्मागोवा, मग कोचीन, परत मुंबई. रोज संध्याकाळी कप्तान स्पीकरवर बोलतो आणि मुलगा व्हॉट्सॲपवर तेच आम्हाला कळवतो, "बाबा, आज परवानगी आलेली नाय." कप्तानाला दोष देत नाही. जे त्याला कुणी सांगितलेलंच नाही, ते तो कुठून सांगणार? सूनबाईच्या फोनवर जहाजं दाखवणारं ॲप आहे. त्यात जहाजाचा छोटा बाण दिसतो, वेग दिसतो, आणि कुठे चाललंय त्याचा रकाना असतो. त्या रकान्यात सध्या 'फॉर ऑर्डर्स' असं लिहिलेलं आहे. हुकमाची वाट बघत असलेलं जहाज असं लिहितं, हे मी तिला समजावून सांगितलं. तिने विचारलं, हुकूम कोण देणार? मी आयुष्यभर बंदरात काढलं, तरी मला सांगता आलं नाही. या पत्रातला मुख्य प्रश्न तिचा आहे.

गावातून येताजाता माणसं विचारतात, "झील खंय पावलो?", मुलगा कुठवर पोचला? आता त्यांनाही ॲप दाखवतो.

भीती कशाची आहे ते मला कळतं. 'डायमंड प्रिन्सेस' कुणी विसरलेलं नाही. हाँगकाँगला उतरून गेलेला एक प्रवासी बाधित निघाला, फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात जहाज योकोहामाला अडवलं गेलं, आणि ३,७११ माणसांपैकी ७१२ जणांना लागण झाली. प्रवासी खोल्यांत कोंडलेले असताना त्यांच्या दारात जेवण पोचवत कोण होतं? जहाजावरची नोकर माणसं, जी स्वतः खालच्या मजल्यांवर एका केबिनमध्ये दोघं-दोघं झोपत होती. त्यात आपले १३२ जण होते, आणि प्रवासी सहा. भारत सरकारने विमान पाठवून २७ फेब्रुवारीला ११९ भारतीयांना दिल्लीला आणलं, सोबत पाच परदेशी नागरिकही. ते काम चांगलं झालं, हे इथे नोंदवतो. उलट सिडनीत १९ मार्चला 'रुबी प्रिन्सेस'वरून सुमारे २,७०० प्रवासी धड तपासणीविना सोडले गेले आणि त्याची किंमत ऑस्ट्रेलिया अजून मोजतेय. म्हणजे येईल त्याला मुकाट उतरवा, असं कुणी जाणता माणूस म्हणणार नाही. मीही म्हणत नाही.

पण नुसतं नाही म्हणण्याचं काय होतं, तेही याच तीन महिन्यांत दिसलं. 'वेस्टरडॅम' १ फेब्रुवारीला हाँगकाँगहून निघालं. जहाजावर एकही बाधित सापडलेला नव्हता. तरी जपान, तैवान, फिलिपाईन्स, गुआम आणि थायलंड, सगळ्यांनी पाठ फिरवली. शेवटी कंबोडियाने १३ फेब्रुवारीला सिहानूकव्हिलला धक्का दिला. 'झांडाम' ७ मार्चला ब्यूनस आयर्सहून निघालं. दक्षिण अमेरिकेच्या बंदरांनी दारं लावली, जहाजावर चार माणसं मेली, आणि पनामा कालवा ओलांडून ते २ एप्रिलला फ्लोरिडात पोचलं. त्या चौघांना वेळेत किनारा मिळाला असता तर काय झालं असतं, हे डॉक्टर सांगतील. मी एवढंच सांगतो, की 'आमच्याकडे नको' असं म्हटल्याने जहाज नाहीसं होत नाही. ते पुढच्या बंदराच्या तोंडाशी, थोडं जास्त आजारी होऊन उभं राहतं.

आणि हो म्हणणारे कोण होते, तेही बघा. क्युबाने 'ब्रेमार' मारिएल बंदरात घेतलं, जहाजावर बाधित आहेत हे माहीत असताना. सहाशेहून अधिक प्रवाशांना बसने विमानतळावर नेऊन ब्रिटनच्या विमानांत बसवलं. उरुग्वेने माँटेव्हिडिओत 'ग्रेग मॉर्टिमर' घेतलं, ज्यावरच्या २१७ पैकी निम्म्याहून जास्त माणसं बाधित होती. धक्क्यापासून विमानतळापर्यंत रस्ता मोकळा करून रात्रीत बसगाड्या नेल्या. क्युबा, उरुग्वे, कंबोडिया. यातला एकही देश श्रीमंत म्हणून कुणाला ठाऊक नाही. त्यांनी फक्त कोण ठरवणार ते ठरवलं होतं.

आपल्याकडे हे जमत नाही असंही नाही. एप्रिलच्या मध्यावर 'मरेला डिस्कव्हरी' मुंबईसमोर उभं होतं, त्यावर १४६ भारतीय होते. स्वतःचं शहर डोळ्यांना दिसतंय आणि पाय ठेवता येत नाही, अशी त्यांची गत होती. २१ एप्रिलला गृह मंत्रालयाने खलाशांना चढवण्या-उतरवण्याची कार्यपद्धती काढली आणि २३ तारखेला ती मुलं मुंबईत उतरली. हुकूम निघाल्यापासून दोन दिवसांत. म्हणजे डॉक्टर होते, चाचणीचे संच होते, धक्का होता, विलगीकरणाच्या खोल्या होत्या. सही तेवढी नव्हती. १० मे रोजी नौदलाच्या 'जलाश्व'ने मालदीवहून ६९८ माणसं कोचीला आणली, तीही जहाजातूनच. टीव्हीवर ती उतरताना बघून आमच्या घरी टाळ्या वाजल्या. मग थोड्या वेळाने नातीने विचारलं, पप्पांच्या जहाजाला का नाही उतरू देत? तिला काय सांगायचं ते आपण सुचवावं.

आता तक्रारी क्रमाने सांगतो.

पहिली आणि सगळ्यात मोठी: निर्णय कुणाचा, हे कुणीच सांगत नाही. आम्ही घरच्यांनी जिथे जिथे फोन लावले तिथे हेच ऐकलं. बंदराशी बोलावं तर आरोग्य खात्याची हरकत आहे म्हणतात. आरोग्य खातं म्हणतं, राज्याने होकार द्यायला हवा. राज्याचा माणूस म्हणतो, जहाज हा दिल्लीचा विषय. दिल्लीचा क्रमांक लागला तर उत्तर येतं, एजंटने बंदराकडे अर्ज करावा. चक्र पुरं झालं. कुठल्या एका कार्यालयावर मी बोट ठेवत नाही, सगळेच जण नम्रपणे बोलले.

पण राज्यघटना याबाबतीत अगदी स्पष्ट आहे. सातव्या अनुसूचीत संघसूचीतली २८ वी नोंद वाचावी: बंदरातलं विलगीकरण, त्याच्याशी जोडलेली रुग्णालयं, खलाशांची आणि सागरी रुग्णालयं. सार्वजनिक आरोग्य राज्यांकडे असलं तरी बंदरातलं विलगीकरण केंद्राकडे आहे. १८९७ चा साथरोग कायदा, ज्याच्या बळावर मार्चपासून आमची हॉटेलं, देवळं, बाजार बंद आहेत, तोही जहाजांचा विषय केंद्राकडेच देतो. इंग्रजांनी हा कायदा मुंबईतल्या प्लेगच्या वेळी केला. त्यात जहाज तपासायची आणि अडकवून ठेवायची सोय आहे. सोडायचं कसं ते मात्र त्यांना लिहावंसं वाटलं नाही, आणि सव्वाशे वर्षांत आपल्यालाही नाही. त्यानंतर १९५५ चे भारतीय बंदर आरोग्य नियम आले, त्यात बंदर आरोग्य अधिकाऱ्याचं पद आहे, कामं आहेत. मी नोकरीला होतो तेव्हा हा अधिकारी जहाजावर जायचा, कागद बघायचा, आजाऱ्यांची विचारपूस करायचा आणि 'प्रॅटिक', म्हणजे आरोग्याच्या दृष्टीने बंदरात यायची परवानगी, द्यायचा. मग जहाजावरचा पिवळा बावटा खाली यायचा आणि आम्ही पुढच्या कामाला लागायचो. तो अधिकारी आजही आहे. त्याला निर्णय घेऊ दिला जातो का, हे मला जाणून घ्यायचं आहे.

आंतरराष्ट्रीय नियम तर आपण स्वतः मान्य केलेले आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००५ च्या आरोग्य विनियमांत २८ वं कलम सांगतं, की सार्वजनिक आरोग्याच्या कारणावरून जहाजाला बंदरात यायला मज्जाव करू नये. त्या बंदरात सोय नसेल तर जवळच्या, सोय असलेल्या बंदराकडे जायला सांगावं. याचा साधा अर्थ माझ्यासारख्या माणसालाही कळतो. 'नाही' म्हणायचं असेल तर त्याच दमात 'तिकडे जा' म्हणायचं. बंदराचं नाव घ्यायचं. आमच्या जहाजाला नाही म्हणणारे भेटले, तिकडे जा म्हणणारा अजून भेटायचा आहे.

दुसरी तक्रार पासाची आहे. २१ एप्रिलच्या कार्यपद्धतीप्रमाणे उतरलेल्या खलाशाला घरी न्यायला वाहन लागतं आणि वाहनाला पास लागतो. तो ठरावीक वेळेचा आणि ठरावीक रस्त्याचा, वाटेत थांबायची मुभा नाही. साथीच्या दिवसांत हे योग्यच आहे. पण ज्या जहाजाची तारीख ठरत नाही, त्याच्या खलाशासाठी तारखेचा पास काढायचा कसा? कंपनीच्या एजंटने मुंबईची तारीख दिली म्हणून आम्ही कुडाळचा एक गाडीवाला ठरवला, त्याला आगाऊ पैसे दिले. तारीख फिरली. पास वाया गेला. नवा मागितला तर मार्मागोवा म्हणून मागा, असा निरोप आला. मग हद्द आली. वेंगुर्ल्याहून मार्मागोवा शंभर किलोमीटरच्या आत आहे, मुंबई पाचशे. समुद्रातून तर वेंगुर्ला रॉक्सचा दीपस्तंभ आणि मार्मागोव्याचा धक्का यांत तीसेक मैल. आमच्या भागातली कितीतरी मुलं गोव्यातल्या एजन्सींमार्फतच बोटीवर जातात, तिथेच मुलाखत, तिथेच वैद्यकीय तपासणी. जाताना गोवा चालतो. येताना आम्हाला असं कळलं, की तिथे गोव्याची मुलं उतरतील, सिंधुदुर्गची पुढे मुंबईला नेली जातील. हे खरं आहे की नुसती चर्चा, तेही कुणी लेखी सांगत नाही. खरं असेल तर माझा मुलगा आपल्या घरासमोरून बोटीने वर जाणार आणि मग तीच वाट गाडीने खाली येणार, रेड झोनमधून.

गोव्याच्या मुख्यमंत्र्यांना यात आक्रमक वाटण्यासारखं काही लिहायचं माझ्या मनात नाही. छोटं राज्य आहे, ग्रीन झोन आहे, त्यांना आपली माणसं आधी बघावी लागणार. आणि आम्ही तरी कुठे वेगळे आहोत? आमच्याच तालुक्यात मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्यांना कुठे ठेवायचं यावरून गावागावांत भांडणं चालू आहेत. शाळेत चौदा दिवस काढल्याशिवाय सख्ख्या भावाला अंगणात घेत नाहीत. एका ग्रामपंचायतीने तर बाहेरच्या माणसांनी येऊच नये असा फलक लावला होता, तोही ज्यांच्या मनीऑर्डरींवर ते गाव उभं राहिलं त्या माणसांसाठी. भीती सगळ्यांनाच आहे. म्हणून तर हा निर्णय गावाच्या, राज्याच्या भीतीवर सोडू नका, वरून ठरवा, असं म्हणतोय.

तिसरी गोष्ट दिवसांच्या हिशेबाची. या जहाजावर प्रवासी उतरल्यापासून प्रत्येकाला स्वतंत्र केबिन आहे, रोज दोनदा ताप मोजतात, आपल्या किनाऱ्याकडे निघाल्यापासून बाहेरचं कुणी चढलेलं नाही. तरी उतरल्यावर राज्याचे चौदा दिवस वेगळे आणि गावाचे वेगळे, असं आत्ताच सांगून ठेवलेलं आहे. चाचणी करा, एकदा सोडून दोनदा करा. त्यात निर्दोष निघाला तर समुद्रातले दिवसही दिवसच होते, असं कागदावर येऊ द्या. मनिलाच्या उपसागरात सध्या वीसेक क्रूझ जहाजं नांगर टाकून आहेत. फिलिपाईन्सने आपल्या खलाशांना आधी नांगरायला जागा दिली, जहाजावरच विलगीकरण आणि चाचणी ठेवली. तिथेही रांगा आहेत, तिथली मुलंही कंटाळली आहेत, पण आपण कुठल्या बंदरात आहोत हे त्यांना माहीत आहे.

चौथी, आजारपण. कोरोना सोडून माणसाला काही होतच नाही, असं सध्या सगळ्यांनी धरून ठेवलंय. माझ्या मुलाच्या शेजारच्या केबिनमधल्या मुलाची दाढ सुजली. जहाजावर डॉक्टर आहे, दाताचा नाही. तो मुलगा गोळ्यांवर आणि पेजेवर आहे. सागरी श्रम करार, म्हणजे २००६ चा एमएलसी, भारताने ऑक्टोबर २०१५ मध्ये स्वीकारला. बंदरात असताना शक्य असेल तिथे खलाशाला किनाऱ्यावरच्या डॉक्टरकडे, दाताच्या डॉक्टरकडेसुद्धा, जाऊ द्यावं असं तो सांगतो. दाढेचा उल्लेख वाचून कुणाला हसू येईल. गेल्या काही दिवसांत जगभरच्या क्रूझ जहाजांवरून तरुण कर्मचाऱ्यांनी जीव दिल्याच्या बातम्या येताहेत, त्याही वाचाव्यात. मुलाशी बोलताना मी हल्ली सरळ विचारतो, झोप लागते का, जेवतोस का. स्वयंपाक्याला जेवतोस का विचारायची वेळ आली.

पैशाबद्दल थोडक्यात. प्रवासी गेले की टिप गेली, करार संपला की पगारही गेला. जेवण आणि झोपायला खोली मिळते. एमएलसीप्रमाणे घरी पोचवण्याचा खर्च मालकाचा, आणि खलाशाला सलग बारा महिने जहाजावर ठेवता येत नाही. भरती करणाऱ्या एजन्सींना परवाना नौवहन महासंचालनालय देतं. त्या परवान्यावर उभं राहून एजन्सीने आम्हाला 'आमच्या हातात काही नाही' असं सांगावं, हे बरोबर दिसत नाही.

हे एका घरापुरतं नाही. एप्रिलमध्ये खलाशांच्या आणि जहाज कंपन्यांच्या संघटनांनी सुमारे ४०,००० भारतीय खलाशी अडकल्याचा अंदाज दिला होता, त्यातले २५,००० क्रूझ जहाजांवर. बरेच जण अमेरिकेच्या किनाऱ्यालगत आहेत. तिथल्या आरोग्य यंत्रणेने नेहमीच्या प्रवासी विमानांतून त्यांना जाऊ देणार नाही असं ठरवलं, म्हणजे खास विमान हवं. आणि आपलं आकाश २२ मार्चपासून परदेशी विमानांना बंद. ७ मेपासून 'वंदे भारत'ची विमानं सुरू झाली, पण त्यासाठी प्राधान्याच्या यादीत मजूर आहेत, विद्यार्थी आहेत, गरोदर बाया आणि म्हातारी माणसं आहेत, व्हिसा संपलेले आहेत. परतणारा खलाशी त्यात मला सापडला नाही. यादीतल्या कुणालाही मागे सारावं असं म्हणत नाही. रेल्वेच्या रुळांवरून, रस्त्यांवरून चालत घरी निघालेल्या मजुरांचे हाल बघितल्यावर आमच्या मुलांना निदान छप्पर आणि ताट आहे, हे आम्हाला कळतं.

मात्र एक गोष्ट मनाला लागते. ५ एप्रिलला रात्री नऊ वाजता आपल्या सांगण्यावरून देशाने दिवे लावले. आम्हीही लावले. ५ एप्रिल हा राष्ट्रीय नौवहन दिन. १९१९ साली याच दिवशी सिंदिया कंपनीची 'लॉयल्टी' मुंबईहून लंडनला निघाली, म्हणून तो पाळतात. दरवर्षी त्या आठवड्यात मंत्र्यांच्या छातीवर छोटे बिल्ले लागतात, खलाशांबद्दल चांगलं बोललं जातं. यंदा ते जमलं नसेल, समजू शकतो. पण गेले दोन महिने न्हावाशेव्याला कंटेनर उतरत आहेत, तेल येतंय, डाळ येतेय. बंदरं अत्यावश्यक सेवेत आहेत. पेटी उतरते आणि ज्याच्यामुळे ती आली तो माणूस उतरत नाही, हे मला सारंग म्हणून पटत नाही.

आमच्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

पश्चिम किनाऱ्यावर क्रूझ जहाजांवरचे भारतीय उतरवण्यासाठी बंदरं नावानिशी जाहीर करा. मुंबई, मार्मागोवा, कोचीन, जी ठरतील ती. प्रत्येक बंदरात होकार-नकाराचा अधिकार एका पदाला द्या आणि ते पद लोकांना कळू द्या. जहाजाने अर्ज केल्यापासून ७२ तासांत लेखी उत्तर मिळावं. नकार असेल तर कारण आणि पुढच्या बंदराचं नाव त्याच कागदावर असावं.

जहाज ज्या बंदरात लागेल तिथे त्यावरचे सगळे भारतीय उतरावेत, आधार कार्डावरचं राज्य बघून नव्हे. गोव्यात उतरलेल्या सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या मुलांसाठी महाराष्ट्राने पत्रादेवीच्या नाक्यापर्यंत एसटी पाठवावी, आणि गोव्याने धक्क्यापासून नाक्यापर्यंत पोलीस सोबत द्यावेत. उरुग्वेने परदेशी लोकांसाठी जे केलं तेवढंच. या बसचा खर्च कंपनीकडून घ्या, ती नाही म्हणणार नाही. कारवारच्या मुलांसाठी कर्नाटकलाही असंच सांगता येईल.

पास तारखेला न बांधता जहाजाला बांधा. जहाज लागलं की पास चालू, पुढचे ठरावीक तास.

जहाजावरच बंदर आरोग्य अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली चाचणी व्हावी, आणि समुद्रातल्या विलगीकरणाचे दिवस राज्यांनी व ग्रामपंचायतींनी मोजावेत असा एकच लेखी आदेश निघावा. आमच्या सरपंचांना फोनवर सांगून भागणार नाही, त्यांना कागद लागतो.

आजारी माणसाला, आजार कुठलाही असो, जहाजाचा अर्ज मंजूर व्हायची वाट न बघता लाँचने उतरवून रुग्णालयात न्यावं. हे काम कसं करतात ते बंदरातल्या माणसांना शिकवावं लागणार नाही. आम्ही रात्री-अपरात्री केलेलं आहे.

लांबच्या देशांत अडकलेल्यांसाठी कंपन्या खास विमानं करायला तयार असतील, तर ती उतरायला परवानगी द्या. पैसे त्यांचे आहेत.

करार संपलेल्या प्रत्येक खलाशाला काय दिलं जातंय याचा हिशेब परवानाधारक एजन्सींकडून मागवा.

आणि घरच्यांसाठी एक क्रमांक, जिथे मराठीत आणि कोंकणीत बोलता येईल. फोन उचलणाऱ्याने धीर द्यायची गरज नाही, जहाजाची आजची स्थिती वाचून दाखवली तरी पुरे.

पावसाळा तोंडावर आहे. जूनमध्ये या किनाऱ्यावर बाहेरच्या नांगरावर उभ्या असलेल्या जहाजातून माणसं लाँचमध्ये उतरवणं किती जिकिरीचं असतं, ते मी सांगायला नको, पण दिल्लीत कुणाला माहीत नसेल तर सांगतो. शिडी एका लाटेला हाताशी येते आणि पुढच्या लाटेला दोन पुरुष उंच जाते. जे काम आज सपाट पाण्यात होईल, ते तीन आठवड्यांनी होणार नाही. म्हणून उत्तर मे महिन्यात हवं.

उत्तरात सहानुभूती नको, ती शेजारीपाजारी भरपूर देतात. बंदराचं नाव, तारीख आणि सही करणाऱ्या अधिकाऱ्याचं पद, एवढं कळवावं.

आपला,
एक निवृत्त सारंग
ता. वेंगुर्ला, जि. सिंधुदुर्ग